लाल दोऱ्याची वायर

त्या शाळेत मला कोणी कधी नावानं हाक मारली नाही. मुली मावशी म्हणत, शिक्षक मावशी म्हणत, मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक, 'ओ बाई' म्हणत. ते चालायचं. पण अकरा दिवस मला पाठीमागून चोट्टी म्हटलं गेलं, ते चालण्यासारखं नव्हतं. तोंडानं बोलायची वेळ आली की माझा घसा बंद होतो. वहीत होत नाही, म्हणून इथं लिहिते.

शाळा अकोल्यात, मुलींची. मी राहायची जुन्या शहरात, मोर्णेचा पूल ओलांडून रोज पायी यायची. आमचे मालक, म्हणजे नवरा, अकोटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये हंगामापुरते कामाला होते, आणि त्या वर्षी जिनिंग दोन महिने आधीच बंद पडली होती. शाळेतलं झाडझूड, पाणी आणि कुलपं हे माझं काम. कायम नव्हतं. जा म्हटलं की जायचं, असं काम.

त्या वर्षांत आमच्या वऱ्हाडाचं नाव रोज पेपरात यायचं, आणि कशासाठी यायचं ते सगळ्यांना माहीत आहे. मुंबईहून लोक गाड्या करून यायचे, फोटो काढायचे आणि काहीतरी देऊन जायचे. कोणी ब्लँकेटं दिली, कोणी शिलाईच्या मशीन दिल्या. आमच्या वसतिगृहात खेड्यापाड्यातल्या मुली होत्या, म्हणून आम्हाला कॉम्प्युटर आले. कुठल्याशा मोठ्या ऑफिसनं वापरून टाकून दिलेले, पिवळे पडलेले सोळा डबे. ते ट्रकमधून उतरवून घेतले तेव्हा पुसायला मीच होते.

कॉम्प्युटरच्या सरांनी पहिला डबा तिथंच उघडला. हे सर जुन्या शहरातलेच, मुसलमान, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून त्यांच्या वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. शाळेत तासावर शिकवायचे, तेही कायम नव्हते. त्यांनी आत डोकावलं आणि हसले.

"मावशी, या इकडे. पाहा, कलेजीच काढून घेतली न् बकरा पाठवला."

मी पाहिलं. मला वायरी दिसल्या आणि धूळ दिसली. सरांनी एका रिकाम्या खाचेवर बोट ठेवलं. इथं हार्डडिस्क असते, म्हणाले. कॉम्प्युटरचं सगळं लिहिलेलं तिच्यात असतं. ऑफिसवाले आपले कागद बाहेर जाऊ नयेत म्हणून ती काढून ठेवतात आणि मग दान करतात. सोळाही डबे उघडून पाहिले. एकातही नव्हती.

तोवर संस्थेचे अध्यक्ष आले, हार आले, फोटोवाला आला. सरांनी मोठ्या सरांच्या कानाशी जाऊन काहीतरी सांगितलं, पण त्यांना हाराची घाई होती. त्याच संध्याकाळी त्यांनी शाळेच्या सामानाच्या रजिस्टरमध्ये आपल्या हातानं लिहिलं, 'कॉम्प्युटर सोळा, संपूर्ण संच', आणि खाली सही केली. मी टेबल पुसत होते. चौथीपर्यंत शिकले आहे, संपूर्ण हा शब्द मला वाचता येतो. पण मोठ्या सरांना कोण सांगणार? कॉम्प्युटरचे सर पुन्हा काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही.

पुढं सरांनी अध्यक्षांच्या मागे लागून एकच नवं, दणकट मशीन बॅटरीसकट घ्यायला लावलं. ते कॉम्प्युटरच्या खोलीच्या मागच्या कोठीत ठेवलं, जिथं कवायतीच्या काठ्या आणि फाटके नकाशे असायचे. तिथून भिंतीला भोक पाडून एक वायर बाहेर काढली, ती एका चपट्या पेटीत गेली, आणि पेटीतून सोळा वायरी सोळा डब्यांना. पंधरा दिवस सर जमिनीवर पालथे पडून होते. मग एके दिवशी सोळाच्या सोळा चालू झाले.

मी विचारलं नव्हतं. सरांनीच सांगितलं, कारण सांगायला दुसरं कोणी थांबतच नव्हतं.

"मावशी, पंगत बसते ना लग्नात? स्वयंपाक पानात होते का? आचारी आत एकच. पानं रिकामी. ज्याचं पान पडलं त्याले आतून आणून वाढायचं. हे सोळा म्हणजे पानं. आचारी कोठीत."

"अन् जेवन झाल्यावर?"

"बंद केलं की पान पुन्हा कोरं. काहीच राहत नाई त्याच्यात. उद्या पुन्हा नवीन वाढायचं."

आत जे घातलं होतं ते फुकटचं होतं, हेही त्यांनी सांगितलं. देशोदेशीच्या लोकांनी मिळून लिहिलेलं, ज्याला पाहिजे त्यानं घ्यावं, उघडून पाहावं, बदलावं. शिक्षकांच्या खोलीत याची थट्टा चालायची. फुकटातले डबे, फुकटातलं डोकं आणि तासावरचा मास्तर, असं म्हणायचे. मी चहाचे कप गोळा करताना ऐकायची.

आतल्या मशीनला जागं व्हायला फार वेळ लागायचा. म्हणून सरांनी ते काम माझ्यावर टाकलं. सकाळी कोठी उघडून आधी आतल्याचं बटण दाबायचं आणि मग झाडू हातात घ्यायचा. सोळा टेबलांखालून झाडून होईस्तोवर आतून एक बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा. तो ऐकला की बाहेरचे चालू करायचे. पण एकदम नाही. तीन लावायचे, पडद्यावर ठिपके पडू लागत, एकापाठोपाठ एक. मग काळा पडदा, मग कोपऱ्यात पांढऱ्या पोटाचा एक पक्षी यायचा. सर त्याला पेंग्विन म्हणत, मी बदक म्हणायची. तीनही बदकं आली की पुढचे तीन. सोळा जण एकाच वेळी ताटं घेऊन उभे राहिले तर आचारी गांगरतो, तसं ते होतं. बटणं मीच लावायची. सर यायचे तेव्हा सगळं तयार असायचं.

आतल्या मशीनला मागून वायर लावायची दोन भोकं होती, वर एक, खाली एक, दिसायला सारखीच. एकदा पुसताना वायर निघाली आणि मी खालच्यात लावली, तर तो अख्खा दिवस ठिपकेच पडत राहिले. सर रागावले नाहीत. पण मी दुसऱ्या दिवशी घरून लाल दोरा आणून त्या वायरीला बांधला आणि वरच्या भोकाशेजारी कुंकवाचं बोट लावलं.

दिवाळीच्या आधी सरांना अमरावतीला एका शाळेत कायमची नोकरी मिळाली. जाताना म्हणाले, "मावशी, सगळं क्रमानं एका कागदावर लिहून ठेवतो. नवीन कोणी आलं तर त्याच्या हातात द्या."

कागद काही लिहिला नाही. दोनदा आठवण केली. "लिहितो, लिहितो" म्हणत गेले.

त्यांच्या जागी नव्या मॅडम आल्या. अध्यक्षांच्या नात्यातल्या सूनबाई. अमरावतीहून कसलासा कोर्स करून आलेल्या, पर्समध्ये सर्टिफिकेट. सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी वसतिगृहाची स्वयंपाकीण आली नाही म्हणून मला पोळ्यांना बसवलं होतं. मॅडमनी मोठ्या सरांच्या कपाटातली दुसरी किल्ली घेऊन खोली उघडली आणि सगळी बटणं दाबली. कोठीला कुलूप होतं, त्याची किल्ली माझ्या कमरेला. आतला बंद, तर बाहेरचे कसे चालू होणार? नुसते ठिपके पडले. मॅडमनी बाजारातून दुरुस्तीवाला बोलावला. त्यानं डबा उघडला.

मला बोलावणं आलं तेव्हा माझे हात पिठाचे होते. खोलीत मोठे सर, मॅडम आणि तो दुरुस्तीवाला उभे होते. सोळा डबे पोटं उघडी टाकून ओळीनं ठेवलेले.

"बाई, या खोलीची किल्ली कोणाकडे असते?" मोठ्या सरांनी विचारलं.

"माझ्याजवळ."

"आणि दुसरी?"

"तुमच्या कपाटात."

"म्हणजे तुमच्याकडेच."

मी सांगायचा प्रयत्न केला. "सर, त्यायच्यात हार्डडिस्क पयलेपासूनच नव्हती."

मॅडमनी लगेच मान वर केली. "शब्द कसा बरोबर येतो पाहा! मावशी, हार्डडिस्क केवढी असते हो? दाखवा बरं."

आतल्या मशीनमधली मी पाहिली होती. मी दोन्ही हातांनी माप दाखवलं. "एवढी."

"सही साइज दाखवला बाईनं," दुरुस्तीवाला म्हणाला, "अंधेरे में भी ओळखेल ही."

सगळे माझ्या हातांकडे पाहत राहिले. मी हात पदराखाली घेतले, आणि ते तर आणखीच वाईट दिसलं.

मग कोठी उघडायला लावली. आतल्या मशीनचं झाकण काढलं. त्यात एक नाही, दोन हार्डडिस्क निघाल्या. सरांनी मुद्दाम दोन बसवल्या होत्या, एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून. ते मला माहीत होतं, पण माझं ऐकायला कोण बसलं होतं?

"सोळा जागी एकही नाही, आणि इथं कोठीत दडवून दोन," मोठे सर म्हणाले. "बाकीच्या कुठं विकल्या? जुन्या शहरात?"

त्यांनी हे विचारलं तेव्हा त्यांना रजिस्टर आठवत होतं, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. हार्डडिस्क आधीपासून नव्हत्या असं ठरलं, तर 'संपूर्ण संच' खाली त्यांची सही होती. चोरी झाली असं ठरलं, तर पकडायला मी होते.

दुरुस्तीवाला तिथल्या तिथंच म्हणाला की तो नव्या हार्डडिस्क टाकून देईल आणि विंडोजही भरून देईल. खिशातून त्यानं एक सीडी काढली. तिच्यावर स्केचपेननं नाव लिहिलेलं होतं.

"ओरिजिनल घ्यायची काय गरज नाई मॅडम. हे एकच पुऱ्या अकोल्यात चालून राहिली."

त्या सीडीकडं कोणीच संशयानं पाहिलं नाही.

आतलं मशीन उचलून मोठ्या सरांच्या खोलीत नेऊन ठेवलं, पुरावा म्हणून. माझ्या किल्ल्या काढून घेतल्या. कामावरून तेवढं काढलं नाही, कारण संस्थेची बैठक अकरा दिवसांनी होती आणि तोवर झाडायला कोणीतरी हवं होतं. आणि फाटकावरच्या शिपायाला सांगितलं, ही बाई बाहेर पडताना हिची पिशवी पाहायची.

तो शिपाई माझ्यासोबतच लागला होता. पाच वर्षं आम्ही एकाच माठातलं पाणी प्यायलो. पहिल्या दिवशी त्याला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी थोडी कमी वाटली. चौथ्या दिवशी शाळा सुटून मुली बाहेर पडत असताना त्यानं माझा डबा उघडला, वास घेतला आणि म्हणाला, "आज कायची भाजी होती वं? हार्डडिस्कची?"

मुली हसल्या. मुलींना तरी काय म्हणू, त्यांच्या बाईच हसत होत्या.

रोज साडेपाचला हे व्हायचं. मी पिशवी द्यायची, तो एकेक वस्तू काढून फाटकाच्या कठड्यावर मांडायचा. डबा, चष्मा, विड्याची चंची, पदराला लावायची पिन. मी खाली पाहत उभी राहायची. माझ्या मनात जे जे येत होतं ते इथंही लिहिणार नाही.

सहाव्या दिवशी मी कॉम्प्युटरच्या सरांच्या घरी गेले. त्यांच्या अम्मीनं अमरावतीचा पत्ता दिला. रविवारी सकाळची एसटी पकडली. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा गेलं, मी सगळा रस्ता एकच वाक्य मनात घोकत होते: सर, फक्त एवढं येऊन सांगा की नव्हत्या.

सर दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहत होते. मला पाहून खूश झाले, बायकोला चहा टाकायला सांगितलं. मी सगळं सांगितलं. ते ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरत गेला.

"मावशी, मी आलो तर ते काय म्हणतील? दोघांनी मिळून केलं म्हणतील. पोलिसात नाव गेलं तर ही नोकरी गेली. कायमची म्हटली तरी अजून दोन वर्षं कच्ची आहे. अन् माझं नाव वाचूनच अर्धा निकाल लागतो, तुम्हाला माहीत आहे."

"अन् माहा निकाल काय पाहून लागते?" मी म्हटलं.

त्यांची बायको कप घेऊन दारात उभी राहिली होती. ते खोटं बोलत नव्हते, हे मला कळत होतं. त्यांची भीती खरीच होती. पण माझी पिशवी रोज उघडत होती, त्यांची नाही.

"तुम्हीच चालू करून दाखवा," शेवटी म्हणाले. "तुम्हाला येते सगळं. माझ्यापेक्षा जास्त वेळा तुम्हीच चालू केलं."

"बोलता येत नाई मले लोकायसमोर."

"बोलू नका. फक्त लावा. अन् मी कागद लिहून पाठवतो, मोठ्या सरांच्या नावानं. एसटीच्या पार्सलनं. शब्द देतो."

मी चहा न पिता उठले. असं मी आयुष्यात कोणाच्याच घरी केलं नव्हतं.

बैठकीच्या दिवसापर्यंत कागद आला नाही.

बैठक अकराला होती, कॉम्प्युटरच्याच खोलीत. बाराला लाईट जायची, त्या वेळी भारनियमन दिवसातून तीनतीनदा असायचं. अध्यक्ष, मोठे सर, मॅडम आणि संस्थेचे आणखी दोघं जण बसले होते. दुरुस्तीवालाही बोलावलेला. मला भिंतीशी उभं केलं.

अध्यक्ष तसे दांडगे, पण आवाज गोड ठेवून बोलले. "हे पाय बाई, तू गरीब मानूस. पोलिसात द्याची आमची इच्छा नाई. कोनाले देल्या ते सांग, अन् घरी जा."

मी मान हलवली.

"काय मुंडी हालवते? बोल ना."

"मले चालू करू द्या."

"काय?"

"ते सोळा. मले चालू करून दाखवू द्या. त्यायच्यात काही न टाकता."

मॅडम हसल्या. "हार्डडिस्क नसताना कॉम्प्युटर चालू होत नाही, मावशी. पहिल्याच धड्यात असतं ते."

"मंग झालं न चालू तर?" मी म्हटलं. कसं म्हटलं ते मलाही कळलं नाही.

अध्यक्षांना गंमत वाटली असावी. त्यांनी घड्याळ पाहिलं. "लाव. बाराले लाईट जाते. तवापर्यंत होते तेवढं कर."

आतलं मशीन मोठ्या सरांच्या खोलीतून परत कोठीत नेलं. दुरुस्तीवाल्यानं वायर लावली. मी सांगायच्या आधीच लावली, खालच्या भोकात. बटण दाबलं. शिट्टी व्हायला वेळ लागतो, मला माहीत होतं, पण बाकीच्यांना नव्हतं. दोघं जण जांभया देऊ लागले. शिट्टी झाली. मॅडमनी एक डबा लावला. ठिपके पडू लागले. पडतच राहिले.

"झालं?" मोठे सर म्हणाले. त्यांच्या आवाजात मला आनंद ऐकू आला.

मी कोठीत गेले आणि मशीनच्या मागं वाकले. लाल दोरा होता. कुंकवाचं बोट पुसट झालं होतं, पण होतं. वायर काढून वरच्या भोकात बसवली. बाहेर येईस्तोवर मॅडमनी घाईघाईनं सोळाही बटणं दाबून टाकली होती. सोळा पडद्यांवर ठिपके. एकदोन ठिकाणी पडदा काळा झाला आणि तिथंच अडला. एका ठिकाणी बदक आलं आणि अर्धवट राहिलं.

"हे पाहा, असंच होतं. बिघडलेले आहेत सगळे," मॅडम म्हणाल्या.

घड्याळात बाराला वीस मिनिटं होती.

"बंद करा," मी म्हटलं.

कोणी हललं नाही.

"बंद करा सगळे! एकदम नाई लावत. तीन-तीन लावा लागते!"

इतक्या मोठ्यानं मी आजवर फक्त गाईला हाकललं होतं, माहेरी, नांदगाव खंडेश्वराकडे. मी स्वतःच सोळाही बंद केले, बोटांना सवय होती. पहिले तीन लावले. ठिपके आले, थांबले. काळं झालं. मग कोपऱ्यात पांढऱ्या पोटाचं बदक, मग दुसरं, मग तिसरं. पुढचे तीन. मी कोणाकडं पाहत नव्हते. शेवटचा सोळावा लागला तेव्हा अध्यक्ष खुर्चीवरून उठून एका उघड्या डब्यात वाकून पाहत होते, आत खरंच काही नाही ना म्हणून. दुरुस्तीवाल्यानं सीडी खिशात टाकली.

आणि लाईट गेली. सोळा पडदे एकदम काळे झाले. कोठीत तेवढं आतलं मशीन बॅटरीवर टिकटिकत राहिलं.

अंधारलेल्या खोलीत अध्यक्ष म्हणाले, "सर, तुमीच लिवलं होतं ना रजिस्टरात, संपूर्ण म्हून?"

"तेव्हा घाई होती," मोठे सर म्हणाले. "गैरसमज झाला."

त्यांची पिशवी कोणी मागितली नाही. अध्यक्ष माझ्याकडे वळले. "मंग हे पयल्याच दिवशी कावून नाई सांगतलं वं?"

"सांगतलं होतं," मी म्हटलं.

"बरं, बरं. जा आता, कामाले लाग."

किल्ल्या परत मिळाल्या. मला वाटलं, संपलं. साडेपाचला फाटकावर आले तर शिपायानं हात पुढं केला.

"आता काय?" मी म्हटलं.

"मले काई सांगतलं नाई कोनी. पाहाची ऑर्डर होती, न पाहाची नाई आली."

मी पिशवी दिली. त्यानं डबा काढला, चष्मा काढला. मुली जात होत्या. एक दुसरीला हळूच काही म्हणाली. मला तेव्हा कळलं की खोलीत जे झालं ते सहा माणसांसमोर झालं, आणि हे रोज दोनशे जणींसमोर होतं. ते सहा जण बाहेर येऊन सांगणार नव्हते. लाज वाटेल असं काही ते सांगत नसतात.

दुसऱ्या दिवशी मी कॉम्प्युटरची खोली उघडली, झाडली, पुसली. कोठी उघडली नाही. दहा वाजता मॅडम आठवीच्या मुली घेऊन आल्या. बटणं दाबली. ठिपके पडू लागले. मी बाहेर व्हरांड्यात फडकं पिळत होते.

मॅडम दारात आल्या. "मावशी, ते तुमचं आतलं चालू करा ना."

"माही पिशवी अजून पाह्यतात."

"कोण? बरं, मी मोठ्या सरांना सांगीन. आधी चालू करा, मुली बसल्यात."

"पयले सांगा."

"म्हणजे काय? काम करायला नकार देता?"

मला बोलता येत नाही हे त्या दिवशी उपयोगी पडलं. फडकं पिळत राहिले. आत मुली ठिपके मोजत होत्या, एकजण मोठ्यानं आकडे म्हणत होती. मॅडम गेल्या, परत आल्या. त्यांना त्या दिवशी अध्यक्षांना वर्ग दाखवायचा होता, हे मला माहीत होतं. सकाळी हार कुठं ठेवायचे ते मलाच विचारलं होतं.

"ठीक आहे. चला," त्या म्हणाल्या.

फाटकापर्यंत आम्ही दोघी गेलो. मॅडम शिपायाच्या जवळ जाऊन हळूच म्हणाल्या, "यांची पिशवी पाहू नका आता. काही चोरी वगैरे झाली नव्हती."

"मोठ्यानं," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. फाटकाशी वसतिगृहाच्या मुली दूध घ्यायला उभ्या होत्या, शेजारच्या दुकानातला माणूस होता, दोन शिक्षिका उशिरा येत होत्या.

"चोरी झाली नव्हती!" मॅडम म्हणाल्या. आवाज रागानं चिरकला, पण मोठा होता. "त्या मशीनमध्ये काही नव्हतंच. मावशींनी काही घेतलं नाही. झालं?"

शिपाई दात काढून हसला. "मी तर पयलेच म्हनत होतो, मावशी तसल्या नाईत."

त्यानंतर तीन वर्षं त्या शाळेत होते, त्याच्या माठातलं पाणी परत प्यायले नाही. परत येऊन कोठी उघडली, बटण दाबलं आणि शिट्टी होईस्तोवर तिथंच उभी राहिले. खोली आधीच झाडून झाली होती.

तीन दिवसांनी एसटी स्टँडवर एक लिफाफा आला. मोठ्या सरांच्या नावाचा. आणायला मलाच पाठवलं होतं. मी पुलावर थांबून तो उघडला. सरांचं अक्षर मराठीत, सुंदर. पहिलीच ओळ अशी होती की ही सोळा मशीन आली तेव्हापासूनच त्यांच्यात डिस्क नव्हती, आणि हे त्यांनी आल्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांगितलं होतं. खाली सही. मग क्रमानं सगळं: आधी आतलं, मग शिट्टी, वायर वरच्या भोकात, मग तीन-तीन. शेवटी काही बिघडलं तर काय करायचं त्याच्या पाऊण पान सूचना.

मी तो कागद शाळेत दिला नाही. पार्सल आलंच नव्हतं असं मोठ्या सरांना सांगितलं. पुढं मॅडमनी कितीदा विचारलं, "मावशी, हे सगळं कुठं लिहिलेलं नाही का हो?" दरवेळी मी नाही म्हटलं. त्या रोज सकाळी माझी वाट पाहत दारात उभ्या राहायच्या, आणि मी मुद्दाम एखादं टेबल दोनदा पुसायची.

कागद अजून या वहीत घडी घालून ठेवला आहे. शाळेच्या नावानं आलेला होता, म्हणजे शाळेचाच. तेवढी एक चोरी मी केली. तिची चौकशी कोणी केली नाही.